गेटपाशी थोडं थांबू

हे मनन शाळा उघडण्याच्या आदल्या रात्रीसाठी आहे. मुलं झोपली, ओटा पुसून झाला, सकाळचा गजर लावून झाला, की बसा. वीस मिनिटं पुरतील, जास्त लागली तर लागू द्या. तुम्ही ख्रिस्ती असा, हिंदू असा, मुसलमान, बौद्ध, जैन, शीख असा, किंवा कुठल्याही देवापुढे हात न जोडणारे असा. नेरूळमधल्या कॅथलिक प्राथमिक शाळेच्या गेटपाशी जूनच्या पहिल्या सकाळी हे सगळेच उभे असतात, म्हणून हे मननही सगळ्यांसाठी आहे. हळू वाचा. थांबा म्हटलंय तिथे खरंच थांबा. मन एखाद्या जागी अडलं तर तिथेच राहा, पुढचं राहिलं तरी चालेल.

पाय जमिनीला टेकू द्या. खांदे सैल सोडा. श्वास जसा येतो तसा येऊ द्या, तो मोजू नका. बाहेर पाऊस असेल तर तो ऐका. पाऊस नसेल तर हार्बर लाइनवरची एखादी उशिराची गाडी ऐकू येईल, सायन-पनवेल रस्त्यावरचे ट्रक ऐकू येतील, शेजारच्या घरात भांडं पडेल. हे आवाज दूर सारायचे नाहीत. मूल उद्या ज्या गावातल्या शाळेत जाणार आहे, त्या गावाचे ते आवाज आहेत.

आता डोळे उघडे ठेवून खोलीत बघा. दप्तर कुठे ठेवलंय? तपकिरी कागदाची कव्हरं घातलेल्या वह्या, घडी न मोडलेला रेनकोट, शाळेचं कॅलेंडर. त्या एकाच छोट्या पुस्तकात सुट्ट्यांची यादी, सकाळची प्रार्थना आणि तुमच्या सहीच्या चौकटी असतात. डब्याचं झाकण घट्ट बसतं की नाही, हे तुम्ही आजच दोनदा पाहिलंय. यातली एक वही हातात घ्या. लेबलवरचं नाव वाचा. आधी मुलाचं, मग वडिलांचं, मग आडनाव.

हे नाव कुणी ठेवलं? बारशाला आत्यानं कानात सांगितलं असेल, बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर दिलं गेलं असेल, अकीक्याच्या दिवशी ठरलं असेल. आजवर ते घरात फिरलं. लाडानं, रागानं, आंघोळीला बोलावताना, तापात कपाळावर हात ठेवताना. उद्यापासून ते एका अनोळखी टीचरच्या तोंडी जाणार, हजेरीपटावर चढणार. आपल्याकडे आडनावावरून लोक गाव ओळखतात, जात ओळखतात, धर्म ओळखतात. लेबल लिहिताना तुमचा हात क्षणभर थबकला होता का? थांबा इथे. त्या नावाबद्दल मनात जे येतंय, अभिमान येवो, धास्ती येवो, त्याला आवरू नका. त्याच्याकडे नुसतं बघा.

वही परत दप्तरात ठेवा. आता मनानं घराबाहेर या.

उद्याचा रस्ता तुमच्या ओळखीचा आहे. सोसायटीचं फाटक, कोपऱ्यावरचा दूधवाला, गुलमोहराखालचा ओला सडा, रिक्षांची रांग. हायवेकडून येणारे वेगळे, स्टेशनकडून येणारे वेगळे, सीवूड्सच्या बाजूनं बसनं येणारे वेगळे. चालता चालता लक्ष पायाखालच्या जमिनीकडे न्या. ही जमीन काही रिकामी नव्हती. 1970 मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनीवर नवं शहर आखलं गेलं. नेरूळ, सारसोळे, दारावे, करावे, शिरवणे ही त्यांतलीच गावं. इथे आगऱ्यांची भातशेती होती, मिठागरं होती, खाडीत कोळ्यांची जाळी होती. जूनच्या याच दिवसांत इथे भाताची पेरणी व्हायची. वाशीपर्यंत लोकल 1992 मध्ये आली, नेरूळपर्यंत 1993 मध्ये, आणि तिच्या मागोमाग आपण बाकीचे आलो. साताऱ्याहून, कोल्हापूरहून, कोट्टयमहून, तिरुनेलवेलीहून, आझमगढहून, गोव्याहून, वसईहून.

म्हणजे उद्या गेटपाशी जे स्वागत करतील तेही बाहेरून आलेले, आणि ज्यांचं स्वागत होईल तेही बहुतेक बाहेरून आलेले. ज्यांच्या शेतावर हे सेक्टर उभे राहिले, त्यांची नातवंडं मात्र आपल्याच जमिनीवर प्रवेशाचा अर्ज घेऊन रांगेत असतात. हे मला फार मोठं वाटतं. सुईण आणि वैदू, जत्रा आणि भजनी मंडळ हे सगळं ज्या आजीच्या आठवणीत शाबूत आहे, ती आजी नातीला 'बाय माझी' म्हणत गेटपर्यंत आणते आणि तिथे दोन पावलं मागे थांबते. पायरी चढायला कुणी मनाई केलेली नसते, तरी ती थांबते. तिच्याजवळ थोडा वेळ उभे राहा. तिच्या नजरेनं ती इमारत बघा. या जागी पूर्वी काय होतं, हे त्या गर्दीत बहुधा तिला एकटीलाच ठाऊक आहे.

आता गेट.

लोयोलाच्या इग्नेशियसनं सोळाव्या शतकात मननाची एक रीत घालून दिली. प्रसंग नुसता आठवायचा नाही, त्यात जाऊन उभं राहायचं. जागा कशी आहे, कोण कुणाशी बोलतंय, कशाचा वास येतोय, आपण स्वतः कुठे आहोत, हे सगळं हळूहळू पाहायचं. तीच रीत इथे घ्या. सकाळ. ओल्या मातीचा आणि नव्या रबराच्या चपलांचा वास. भिंतीवर मरियेचा पुतळा, त्याच्या पायाशी ताजी फुलं. दारावर फुगे, कागदी पताका, फलकावर रंगीत खडूंनी लिहिलेलं 'वेलकम'. गेटच्या एका बाजूला वॉचमनकाका, मध्ये सिस्टर, बाजूला हात पुढे करून पहिलीच्या टीचर.

चेहरे एकेक करून बघा. घाई नको.

चौथीचा एक मुलगा मागे वळूनही न बघता आत पळालाय आणि त्याची आई हात वर करून तशीच उभी आहे. पहिलीतली एक मुलगी वडिलांच्या पँटचं कापड मुठीत धरून आहे. आवाज न करता रडणाऱ्या मुलांना ओळखायला वेळ लागतो, ती तशी रडते आहे. एक नर्स आई रात्रपाळी संपवून थेट आली आहे, डोळे तांबारलेले. एक आजोबा नातवाला कुठल्या तुकडीत घालायचं ते विसरलेत आणि कुणाला विचारायला संकोचताहेत. सेक्टरमधल्या चार घरांची धुणीभांडी करणारी एक आई पहिल्या घराची वेळ चुकवून आली आहे. लेकीच्या फीसाठी तिनं उन्हाळ्यात पाचवं घर धरलं. एका आईनं प्रवेशअर्जावर वडिलांच्या नावाची जागा कशी भरायची यावर रात्र काढली आहे. आणि एक मुलगा दोन महिन्यांपूर्वी शाळा सुटली तेव्हा आईबरोबर घरी गेला होता. आज तो मावशीबरोबर आलाय. त्याच्या घरात मे महिन्यात काय झालं, हे गेटवर उभ्या असलेल्या कुणालाच अजून माहीत नाही.

थांबा. यांपैकी एकाच चेहऱ्यापाशी राहा. तो कुणाचा, हे मनाला निवडू द्या.

आता त्या गर्दीत स्वतःला शोधा. तुम्ही कुठे उभे आहात? पुढे की मागे? गेटपाशी आल्यावर आवाज बदलतो का तुमचा? कितीतरी मोठी माणसं या गेटपाशी लहान होतात. घरी, दुकानात, कचेरीत भरभरून बोलणारा माणूस इथे सिस्टरांना सांगायचं एक इंग्रजी वाक्य मनात जुळवत असतो, आणि त्यांची नजर वळली की ते वाक्य गिळून नुसता हसतो. मूल हे पाहतं. आईच्या बोटांची पकड बदलते ती त्याला कळते. आपली भाषा, आपली साडी, आपला डबा, आपली गाडी नसणं, यांतलं काहीतरी इथे कमी पडतंय, हा धडा त्याला पहिल्या घंटेच्या आधीच मिळू शकतो. मिळू नये, यासाठीच हे मनन आहे.

बायबलमधला एक प्रसंग इथे सोबतीला घ्या. ख्रिस्ती नसलात तरी घ्या, तो पालकांचा प्रसंग आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात काही लोक मुलांना येशूकडे घेऊन येतात, त्यानं त्यांच्यावर हात ठेवावा म्हणून. कोण होते ते लोक? आया, बाप, मोठी बहीण, आजी? मार्क सांगत नाही. त्यांची नावं नाहीत, गाव नाही, त्यांचं एक वाक्यही नाही. शिष्य त्यांना दटावतात. ते काही दुष्ट नाहीत. गर्दी आहे, गुरूंना वेळ नाही, शिस्त राखायला हवी, असं त्यांना मनापासून वाटत असणार. आणि इथे येशू रागावतो. मत्तय आणि लूक यांनीही हा प्रसंग सांगितला आहे, पण रागाची नोंद एकट्या मार्कानं केली. मग तो मुलांना कवेत घेतो आणि आशीर्वाद देतो.

या प्रसंगात जाऊन उभे राहा. आधी आणणाऱ्यांत. मूल कडेवर आहे, पुढे माणसांची भिंत आहे, कुणीतरी म्हणालंय, मागे व्हा. ते ऐकताना छातीत काय होतं? मग शिष्यांत उभे राहा. तुम्हीही कधीतरी, कुठेतरी दारावर असता. कार्यालयात, सोसायटीच्या कमिटीत, बँकेच्या काउंटरमागे. तुमच्यापुढेही कुणी मूल घेऊन आलेलं असतं. मग, जमलं तर, त्या मुलांपैकी एक व्हा. कवेत घेतलं जाणं हे शरीराला आठवतं. शेवटचं कधी झालं होतं ते? इथे वेळ घ्या.

या प्रसंगावरून कॅथलिक शाळेनं स्वतःला तपासावं, असं मला आग्रहानं वाटतं. ती शाळा ज्या श्रद्धेवर उभी आहे, त्याच श्रद्धेतून हा तपास येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 28 ऑक्टोबर 1965 रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी एक जाहीरनामा काढला. मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक त्यांचे आईवडील आहेत, असं त्यात स्पष्ट आहे. शाळा नंतर येते, मदतीला येते. आणि कॅथलिक शाळांनी विशेष काळजी कुणाची घ्यायची, तेही त्यात आहे. जे गरीब आहेत त्यांची, ज्यांना कुटुंबाचा आधार आणि माया नाही त्यांची, आणि ज्यांची श्रद्धा वेगळी आहे त्यांची. नेरूळच्या गेटवरची ती गर्दी पुन्हा आठवा. धुणीभांडी करणारी आई, मावशीबरोबर आलेला मुलगा, हिजाब घातलेली आणि मंगळसूत्र घातलेली आई. त्या जाहीरनाम्यातली ही माणसं सकाळी इथेच छत्री मिटत असतात. फी थकलेल्या मुलाला वर्गाबाहेर उभं करणारी शाळा, पालकांशी फक्त सूचनापत्रकातून बोलणारी शाळा, भिंतीवर क्रूस लावूनही शिष्यांच्याच बाजूला उभी असते. ते कुणीतरी तिला प्रेमानं सांगायला हवं. सांगणारे पालकच असू शकतात.

वेगळ्या श्रद्धेच्या घरांत एक प्रश्न हळूच विचारला जातो, तोही इथे ठेवू. प्रार्थनेला मूल हात जोडेल, क्रूसाची खूण करेल, मग ते आपलं राहील का? राज्यघटनेच्या 28 व्या कलमानुसार सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षण किंवा उपासना सक्तीची करता येत नाही. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात तेव्हा बाकीच्या मुलांचा मूल्यशिक्षणाचा तास असतो, ही बहुतेक ठिकाणची रीत आहे. मनात शंका असेल तर ती सिस्टरांना किंवा फादरांना थेट विचारा. विचारणं हा अविश्वास नाही. आणि मुलानं घरी येऊन जेवणाआधी डोळे मिटले, तर तेही शांतपणे बघा.

कारण अक्षराची सुरुवात तर तुमच्याच घरात झाली. मराठी घरात दसऱ्याला पाटीपूजन झालं. मल्याळी घरात विजयादशमीला मुलाचं बोट धरून तांदळावर पहिलं अक्षर काढलं गेलं, आणि केरळात कित्येक चर्चमध्येही हा विद्यारंभ होतो. मुस्लिम घरात बिस्मिल्लाखानी झाली. कुठे काहीच विधी झाला नाही, पण आईनं भाजी निवडताना शेंगा मोजायला शिकवल्या. तुम्ही मुलाला काय काय शिकवलंत, ते आत्ता आठवा. बूट घालणं. पाणी सांडलं तर पुसणं. अंधारात न घाबरणं. आजोबांशी कानाजवळ जाऊन बोलणं. एका नदीचं नाव. एक ओवी, एक दुआ, एक गाणं. हे सगळं घेऊनच मूल उद्या गेटमधून आत जाणार आहे. टीचरला त्यातलं काहीच दिसत नसेल, तरी ते दप्तरात असतं. इंग्रजी माध्यमाच्या वर्गातही महाराष्ट्रात मराठी शिकवणं 2020 च्या कायद्यानं बंधनकारक आहे. ज्या आईला इंग्रजी येत नाही, तिच्याकडे त्या तासाला लागणारं सगळं भांडार आहे. तिनं मान खाली घालून उभं राहण्याचं कारण नाही.

श्वासाकडे परत या. एक-दोन श्वास, बस.

नेरूळमध्ये लिटल फ्लॉवरच्या नावाचं चर्च आहे. या नावाच्या शाळाही आपल्याकडे गावोगावी आहेत. ज्या मुलीवरून हे नाव आलं, तिच्या शाळेची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. तेरेज 1873 मध्ये फ्रान्समध्ये जन्मली. साडेचार वर्षांची असताना आई गेली. वडील मुलींना घेऊन लिझ्यू गावी राहायला आले आणि मोठ्या बहिणीनं तिला घरीच शिकवलं. 1881 मध्ये, साडेआठ वर्षांची झाल्यावर, ती तिथल्या सिस्टरांच्या शाळेत जाऊ लागली. अभ्यासात हुशार, म्हणून तिच्याहून मोठ्या मुलींच्या वर्गात बसवली गेली. त्यांतल्या एकीनं तिचा छळ मांडला. तेरेज रडायची आणि कुणाला सांगायची नाही. इतर मुलींसारखं खेळणं तिला जमायचं नाही. मधल्या सुट्टीत ती धाकट्यांना गोष्टी सांगायची, झाडाखाली मेलेली पाखरं सापडली की त्यांना पुरायची. तेरा वर्षांची असताना तिची शाळा सुटली. पुढे आत्मकथेत तिनं लिहिलं, की लोक शाळेचे दिवस सर्वांत सुखाचे मानतात, तिच्या वाट्याला मात्र ती पाच वर्षं आयुष्यातली सर्वांत दुःखाची म्हणून आली. चोविसाव्या वर्षी ती वारली. 1925 मध्ये ती संत ठरली. 2015 मध्ये तिचे आईवडील, झेली आणि लुई मार्तां, हेही एकत्र संत म्हणून जाहीर झाले.

शाळेत दुःखी असलेली एक मुलगी आज कित्येक शाळांच्या दारावर उभी आहे. तिच्याकडे थोडा वेळ बघा. ती धर्मकथेतली मूर्ती नाही. ती मैदानाच्या कडेला आहे, हातात पाखरू आहे. तिच्या वर्गात कुणीतरी शिक्षिका होत्याच, त्यांनी तिला पहिला नंबरही दिला. कडेला काय चाललंय, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. तुमच्या मुलाच्या वर्गात यंदा अशी एक मुलगी असेल, असा एक मुलगा असेल. कदाचित तो तुमचाच असेल. कदाचित छळणारा तुमचा असेल. हे शेवटचं वाक्य मनात आणायला जड आहे, तरी आणा, आणि त्याच्याबरोबर काही क्षण बसा. दोन्ही मुलं त्याच गेटमधून येतात आणि दोघांनाही तेवढीच गरज असते.

तुमची स्वतःची शाळाही आता वर येत असेल. येऊ द्या. बाक, पट्टी, एखाद्या बाईंचा हात, एखाद्या मास्तरांचा शब्द जो अजून सलतो. पालक आपली जुनी शाळा बरोबर घेऊनच मुलाच्या शाळेत येतात. ज्याला तेव्हा मार बसला, तो आज सिस्टरांना बघून नकळत ताठ होतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारण्याला आणि मनाला दुखवणाऱ्या शिक्षेला मनाई केली. तुमच्या वेळी तो कायदा नव्हता. त्या लहान तुम्हाला उद्या गेटबाहेर उभं राहू द्या, मुलाबरोबर आत ढकलू नका. तुमची भीती तुमची आहे. मुलाला त्याची सकाळ स्वच्छ मिळू दे.

आता टीचरकडे वळू. गर्दीत आपण त्यांना फक्त आपल्या मुलाच्या संदर्भात बघतो. उद्या त्यांच्यापुढे चाळीस-पन्नास नावं असतील, आणि प्रत्येक नावामागे आपल्यासारखंच एक घर जागं असेल. त्याही पहाटे उठल्या आहेत. स्वतःचं मूल सासूकडे किंवा पाळणाघरात सोडून आल्या आहेत. तुमच्या मुलाचा हात धरण्यासाठी त्यांनी स्वतःच्या मुलाचा हात सोडला आहे.

तूरिनमध्ये रस्त्यावरच्या मुलांसाठी आयुष्य घालवलेल्या डॉन बॉस्कोनं 1884 मध्ये रोमहून एक पत्र लिहिलं. त्यात त्यानं एक स्वप्न सांगितलं. जुन्या दिवसांतलं मैदान, जिथे शिक्षक मुलांमध्ये मिसळून खेळताहेत, हसताहेत. आणि नंतरचं मैदान, जिथे मुलं कंटाळून भिंतीला टेकली आहेत आणि शिक्षक दुरून देखरेख करताहेत. मुलांवर प्रेम असणं पुरत नाही, ते असल्याचं मुलांना जाणवलं पाहिजे, हा त्या पत्राचा गाभा. शाळांनी हे पत्र जूनमध्ये स्टाफरूममध्ये वाचावं, असं मला वाटतं. पण आज रात्री ते तुमच्यासाठी आहे. त्या टीचरांवर तुम्ही लांबून देखरेख करता, की त्यांना जाणवेल असं काही करता? वर्षभरात त्यांच्याशी तुमचं जे बोलणं होतं, त्यातलं किती मार्कांबद्दल असतं? त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आणा. श्वास आत घेताना त्यांचं नाव मनात घ्या. सोडताना मुलाचं. काही वेळ असंच चालू द्या.

गेट बंद होतं तो काळही थोडा आठवू. 2020 च्या मार्चमध्ये शाळा थांबल्या आणि इथल्या शहरांत पहिली ते चौथीच्या वर्गांत डिसेंबर 2021 पर्यंत मुलं आली नाहीत. तेव्हाची पहिलीतली मुलं मोबाइलच्या चौकटीत हजेरी देत मोठी झाली. घरात एक फोन आणि तीन मुलं असलेल्यांनी तर तेवढंही पाहिलं नाही. उद्याची ढकलाढकली, चिखल, हॉर्न, हरवलेली पाण्याची बाटली, हे सगळं तेव्हा हवंहवंसं होतं.

आता तो क्षण. घंटा झाली. हात सुटला. मूल पाठमोरं आहे, दप्तर त्याच्याहून रुंद. जिन्याच्या वळणापर्यंत दिसतं, मग दिसत नाही. तुम्ही अजून उभे आहात. वॉचमनकाका म्हणतात, चला, गेट बंद करायचंय.

पुढचे चार तास तुमचे कसे जातील? कुणी आठ-पन्नासची लोकल पकडाल, कुणी घरी जाऊन न उचललेल्या पसाऱ्यासमोर बसाल. या तासांसाठी लूकच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग आहे. येशू बारा वर्षांचा असताना सणाला आईवडिलांबरोबर यरुशलेमला गेला आणि परतीच्या वाटेवर तो बरोबर नाही, हे त्यांना एक दिवसानं कळलं. तीन दिवसांनी सापडला तो मंदिरात, गुरुजनांच्या मधोमध बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता. आईनं काळजीनं जाब विचारला. त्यानं दिलेलं उत्तर तिला समजलं नाही, असं लूक सरळ लिहितो. आणि तिनं ते सगळं मनात जपून ठेवलं.

या आईपाशी बसा. भिंतीवर जिचा पुतळा आहे, तिलाही एकदा मुलाचं उत्तर समजलं नव्हतं. शिकणारं मूल आईबापांना थोडं अनोळखी होत जातं. ते ज्यांच्यामध्ये बसतं त्या लोकांत आपण नसतो. त्याच्या तोंडी आपण न शिकवलेला शब्द येतो, एखादं मत येतं, एखाद्या मित्राचं नाव येतं. हे होणारच आहे, उद्यापासूनच होणार आहे. समजलं नाही तरी जपून ठेवता येतं. तुमच्या मुलानं अलीकडे म्हटलेलं, तुम्हाला न कळलेलं एखादं वाक्य आठवा. त्याचा अर्थ लावू नका. असू द्या.

थांबा. बराच वेळ थांबा.

आता दुपार. शाळा सुटायच्या आधीची दहा मिनिटं. पुन्हा तेच गेट, पण आता छत्र्या वाळत टाकलेल्या, व्हॅनवाले काका यादी बघत उभे, मावशींनी जिना पुसून घेतलेला. मूल बाहेर येईल. शर्ट बाहेर आलेला असेल, डब्यात अर्धी पोळी उरलेली असेल. तोंडावर 'काय शिकवलं?' हा प्रश्न येईल, तो थोडा वेळ बाजूला ठेवा. शेजारी कोण बसलं होतं, ते विचारा. डब्यातलं कुणी मागितलं का, ते विचारा. आज कुणी रडलं का, आणि मग त्याला कुणी बघितलं, ते विचारा. उत्तर आलं नाही तर हरकत नाही, हात धरून चाला.

आणि जायच्या आधी गेटवर एक काम करा. आज रात्री मननात तुम्ही ज्या चेहऱ्यापाशी राहिलात, तसा कुणीतरी तिथे खरोखर असेल. दोन पावलं मागे थांबलेली आजी, एकटी उभी आई, मावशीबरोबर आलेला मुलगा. त्यांच्याजवळ जा आणि ज्या भाषेत जमेल त्या भाषेत विचारा, तुमचं मूल कुठल्या तुकडीत? मुलाचं नाव विचारा, मग त्यांचं स्वतःचं. पुढच्या पावसाच्या दिवशी त्यांना घ्यायला यायला उशीर झाला, तर त्या मुलाला नावानं हाक मारून आपल्या छत्रीखाली घेता येईल.